चिंचेखालची सुयांची रांग

त्या काळी सरकारने दारूबंदी केली होती, त्यामुळे खापर गावच्या बाजारात मोहाची दारू फक्त नाल्यापलीकडे चोरून मिळे. नाल्याच्या अलीकडे, चिंचेखाली, लाल फेट्याचा एक माणूस तांब्याच्या सुया दिव्यावर तापवत बसे. दारू सोडायला आलेल्यांना तो ओळीने बसवी, एकेकाच्या कानाच्या वरच्या कडेला सुई टोची आणि बाजार उठेपर्यंत हलू देत नसे. कुणी जरा बूड उचललं की शेजारचा विचारी, "ओ दाजी, कथा चालनात?" कुठे चाललात, या प्रश्नावर दाजी हळदीच्या नवऱ्यासारखे पुन्हा ताठ बसत.

एकदा पेरणीमुळे कुणीच आलं नाही. स्वतःच्याच कानात सुई टोचून तो एकटा बसला होता. नजर नाल्यापलीकडे लागली होती. मी समोरून जाताच त्याने माझं मनगट धरलं आणि मला खाली बसवलं.

"अहो, मी दारूला शिवतसुद्धा नाही!" मी ओरडलो.

"तू पेत नही ते काय व्हयनं?" माझ्या कानात सुई टोचत तो म्हणाला. "माले तलफ उनी शे ना! बस!"

बाजार उठेपर्यंत आम्ही दोघंच बसलो. तो नाला ओलांडून गेला नाही. मी दारू सोडल्याची बातमी मात्र माझ्याआधी घरी पोचली.