बारा थोरल्या आणि धुतलेलं फडकं

मावशींना भीती वाटत नाही अशी गोष्ट शोधायला निघालं तर दिवस मावळेल. लिफ्टला त्या घाबरतात, म्हणून चौथ्या मजल्यावरच्या डॉक्टरांकडे जिना चढून जातात. मग डॉक्टर आधी धाप तपासतात आणि मूळ दुखणं राहूनच जातं. फोन वाजला की त्यांच्या पोटात गोळा येतो. वाजायचा थांबला की दुसरा येतो, कारण आता काय झालं असेल ते कळायचीही सोय उरत नाही. गॅसचा वास आला तर त्या घाबरतात आणि नाही आला तर नाक चोंदलंय की काय म्हणून घाबरतात.

पण याच मावशी गेली चौदा वर्षं एका रोपवाटिकेत हातभर लांबीची कात्री चालवतात आणि तिथलं जांभळं गवत त्यांच्याशिवाय कुणाच्या हाती द्यायचं नाही, असा मालकीणबाईंचा हुकूम आहे. हे गवत म्हणजे पायाखालचं नव्हे. कमरेइतकं उंच, पानं पिकल्या वांग्याच्या सालीसारखी, वर मांजराच्या शेपटीसारखे मऊ तुरे. हॉटेलांच्या दारात आणि मोठ्या कचेऱ्यांच्या आवारात ते ऐटीत उभं असतं. लोक गवत विकत घेतात, हे ऐकून मावशींचे यजमान, म्हणजे काका, पहिल्या वर्षी इतके हसले होते की त्यांना उचकी लागली होती.

या गवताची एक खोड आहे. तुरे नुसते मिरवायला. त्यांत रुजणारं बी नसतं. नवं रोप हवं तर जुना ठोंब उपटायचा, त्याचे वाटे करायचे आणि एकेक वाटा नव्या कुंडीत लावायचा. त्यासाठी मागच्या अंगणात बारा मोठ्या कुंड्या होत्या. रोपवाटिकेतलं प्रत्येक जांभळं पान या बाराजणींच्या पोटचं, आणि लावलेलं सगळं विकलं जायचं. मावशी त्यांना 'थोरल्या' म्हणायच्या. थोरल्या गेल्या तर वाटे करायला काही उरणार नाही, हे मालकीणबाईंनी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मावशींना तेवढं पुरलं होतं. चौदा वर्षं पुरलं होतं.

त्या हिवाळ्याच्या तोंडाला मालकीणबाई लेकीच्या बाळंतपणाला परगावी गेल्या. निघताना म्हणाल्या, "मावशी, थंडी धरायच्या आत थोरल्यांना शेवटचं खत द्या. आणि थंडीत कात्री नको."

"थंडीत कात्री? मी?" मावशी दुखावल्या. थंडीत कापलं की पोकळ धांड्यांत दव साठतं, ते गाभ्यात उतरतं आणि ठोंब कुजतो. हे सांगायची गरज होती का?

आता काकांविषयी. काका तीस वर्षं एका इस्पितळाच्या धुलाईखात्यात मुकादम होते. निवृत्त झाले, पण हात निवृत्त व्हायला तयार नव्हते. घरातलं सगळं धुऊन झाल्यावर ते बायकोच्या मागोमाग रोपवाटिकेत यायला लागले. कुंड्या धुवायचे, नळ धुवायचे, एकदा दगडही धुतला होता.

रोपवाटिकेच्या शेडमध्ये फवारणीचे दोन पंप होते, दोन्ही निळे, जुळ्या भावांसारखे. एक खताचा, दुसरा तणनाशकाचा, फरशांच्या फटीतलं रान मारायचा. ओळख पटावी म्हणून विषाच्या पंपाच्या दांड्याला लाल फडकं बांधलेलं असायचं. फडकं नसेल तो खताचा. चौदा वर्षांत चूक नाही.

बाई गेल्यावर एका सकाळी मावशींनी बिनफडक्याचा पंप उचलला, खत कालवलं आणि बाराही थोरल्यांना पानापानावर न्हाऊ घातलं. दोन-अडीच तासांनी काका चहा घेऊन आले. चहा ठेवला आणि शेडकडे बोट दाखवून म्हणाले, "बघितलंस का फडकं? ओळखू येतंय का?"

"कुठलं फडकं?"

"पंपाचं गं! काळंकुट्ट झालं होतं. काल सोडलं, भिजवलं, खसाखसा घासलं. तांबडं लाल निघालं, नव्यासारखं! दोन्ही पंपही साबणानं चकाचक केले."

मावशींनी चहाकडे नेलेला हात मागे घेतला. "आणि परत बांधलंत?"

"मग! लोंबत ठेवतो की काय?"

"कुठल्या पंपाला?"

काका हसत होते. मग हसणं तोंडावर तसंच राहिलं आणि मागचे काका निघून गेले.

"विषाच्याच... असणार," ते म्हणाले.

"असणार?"

"अगं, दोन्ही एकसारखे झाले ना धुतल्यावर."

"आतून धुतले होते?"

"आतून?" काका म्हणाले. "आतलं कोण बघतंय?"

एरवी क्षुल्लक गोष्टीला किंचाळणाऱ्या मावशी या वेळी सरळ शेडकडे धावल्या.  त्यांनी दुसऱ्या पंपाचं झाकण काढून आत नाक घातलं, पण धुतलेल्या पंपाला वास एकच. साबण. आपल्या पंपात घातलं. साबण आणि खत. विषाच्या पंपाच्या तळाशी नेहमी शिल्लक राहतं, पेला-दीड पेला. तेवढं बारा कुंड्यांना पुष्कळ होतं. आणि हे विष कपटी. पान त्याला गुपचूप पितं, ते आतून मुळाशी उतरतं आणि वर आठ दिवस काहीच दिसत नाही. दिसतं तेव्हा सगळं संपलेलं असतं.

त्यांनी नळी लावून पानं धुतली. काकाही धुवायला धावले. धुण्याचंच काम होतं, पण आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातात जोर नव्हता. मात्र अडीच तास उन्हात गेले होते. पानांनी जे प्यायचं ते प्यायलं असणार.

"बाईंना विचार," काका म्हणाले.

मावशींनी फोन लावला. पलीकडे धावपळ ऐकू आली, कुणीतरी खुर्ची सरकवली. "मावशी? लवकर बोला, तिला आत नेलंय! तिकडे सगळं ठीक ना?"

"ठीक," मावशी म्हणाल्या. तो शब्द आपल्या तोंडातून गेला याचं त्यांनाच नवल वाटलं. "लेकीला जपा." आणि फोन ठेवला.

आता उरलं ते एवढंच. पानांत विष असेल, तर ते मुळाशी पोचायच्या आत पानं कापून टाकायला हवीत, आत्ता, लगेच. नसेल, तर ऐन थंडीच्या तोंडावर धडधाकट थोरल्यांच्या मानेवर आपण आपल्या हातानं कात्री चालवणार आणि त्या कुजणार. कापलं तरी मरण, नाही कापलं तरी मरण. कुठलं खरं ते आठ दिवसांनी कळणार, आणि ठरवायचं मात्र आता.

"दोन दिवस थांबून बघू या का?" काकांनी हळूच विचारलं.

"आणि विष थांबेल का दोन दिवस?"



मावशींनी कात्री उचलली. पहिला घाव हवेतच गेला. मग त्यांनी पहिल्या थोरलीच्या पानांचा झुबका डाव्या काखेत धरला, न्हाव्यानं अवखळ गिऱ्हाइकाचं डोकं धरावं तसा, आणि वीतभर खुंट ठेवून कापली. तुरे पायाशी पडले. दुसरी. तिसरी. काका कापलेलं गवत पोत्यात भरत होते, अगदी हलक्या हातानं, जणू त्याला दुखेल.

अकरा झाल्या. बारावी कोपऱ्यातली, सगळ्यांत देखणी. तिच्यासमोर मावशी पुष्कळ वेळ उभ्या राहिल्या.

"ही राहू दे," त्या म्हणाल्या. "विष होतं की नाही, हे कळायला एक ठेवायला हवी."

कारण चोख होतं. पण खरं सांगायचं तर तिला कापायचा धीर झाला नव्हता. काकांना ते कळलं, आणि कळल्याचं त्यांनी दाखवलं नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात तेवढं जमतंच.

नंतरच्या दिवसांत मावशी बाकी सगळ्याला घाबरायचं विसरल्या. फोन वाजला तर सरळ उचलायच्या. 'मुलगी झाली!' ही बातमी त्यांनी न दचकता ऐकली, आनंदानं रडल्या, आणि "थोरल्या कशा आहेत?" या प्रश्नाला "आहेत" म्हणाल्या. लिफ्टमध्येसुद्धा एकदा गेल्या, विचारात, आणि बाहेर आल्यावर त्यांना कळलं. सगळी भीती मागच्या अंगणात गोळा झाली होती. संध्याकाळी खुंटांवर प्लॅस्टिकचा कागद ताणायचा, दव पडू नये म्हणून. सकाळी काढायचा, कोंदट होऊ नये म्हणून. मग एकेका ठोंबाचा गाभा दोन बोटांनी दाबून बघायचा. कडक असला की बरं. पण दाबून दाबून आपणच मऊ करतोय की काय, म्हणून बोट उचलायचं. काकांनी घरात धुणंच सोडलं होतं. मोरीत कप साचले होते, आणि त्याबद्दल मावशींनी एक शब्दही काढला नाही, यानं काका अधिकच घाबरले.

आठव्या दिवशी कोपऱ्यातल्या देखणीच्या टोकांना वाळल्या पेंढ्याचा रंग चढला. नवव्या दिवशी तो खाली उतरला. दहाव्या दिवशी ती उभ्या उभ्या वाळत होती.

मावशी तिच्यासमोर बसल्या आणि त्यांच्या तोंडातून एक आवाज निघाला.

"अगं, रडतेस की हसतेस?" काकांनी विचारलं.

"ठरलं की सांगते."

विष होतं. कापलं ते बरोबर होतं. पण कात्री पोचली त्याआधी विष किती पोचलं होतं, हे खुंट सांगत नव्हते. दहा दिवस झाले, एकालाही कोंब नव्हता. गवत म्हणजे मेलं तरी उभं राहणारं आणि जिवंत असलं तरी मेल्यासारखं बसणारं. माणसानं धरायचं काय?

बाराव्या दिवशी मालकीणबाई आल्या, हातात नातीचा फोटो घेऊन. अंगणाच्या दारातच थांबल्या. अकरा खुंट, एक वाळलेला झुपका.

मावशींनी एका दमात सगळं सांगितलं. पंप, फडकं, साबण, फोनवरचं खोटं. काका मध्येच म्हणाले, "चूक माझी," तर त्यांना हातानं गप्प केलं. "गवत माझ्या हाती दिलं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही काय म्हणाल ते. पण हे मी सांगायला हवं होतं, आणि मला भीती वाटली."

 मालकीणबाईंनी फोटो काकांच्या हातात दिला, त्या पहिल्या कुंडीपाशी उकिडव्या बसल्या आणि दोन बोटांनी गाभा दाबला. मग दुसरीचा. अकरावी होईपर्यंत मावशी त्यांच्या मागे एकेक पाऊल सरकत होत्या.

"तीन मऊ आहेत," शेवटी बाई म्हणाल्या. "त्या गेल्या. बाकीच्यांचं मला सांगता येत नाही." मग हात झटकून म्हणाल्या, "मला फोनवर विचारलं असतं ना, तर मी सांगितलं असतं, दोन दिवस थांबा. आणि बाराही गेल्या असत्या."

त्यापुढे त्या दोघी रोज सकाळी एकत्र कुंड्या तपासायला लागल्या. घाबरायला सोबत मिळाली, पण भीती अर्धी झाली नाही. दोघींची मिळून दुप्पट झाली. एकीनं बोट लावलं की दुसरी म्हणायची, "हळू."

सतराव्या दिवशी चौथ्या कुंडीत, वाळक्या धांड्यांच्या बुडाशी, तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी दिसलं. हिरवटच होतं, जांभळा रंग उन्हानं चढायचा होता. मावशी गुडघ्यांवर बसल्या आणि वारा लागू नये म्हणून त्याच्यावर दोन्ही हातांची ओंजळ उपडी धरली. पाच मिनिटं झाली. दहा झाली.

"मावशी," बाई म्हणाल्या, "हात काढा. त्याला ऊन हवंय."

मावशींनी हात काढले. फार लांब मात्र नेले नाहीत.