हात न लावण्याची परीक्षा

साकोलीच्या एका खासगी दवाखान्यात संगणक अडला की डॉक्टरांपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच नाव: दामिनी. बिल छापून येत नाही, बोलवा दामिनीला. एक्स-रे वरच्या मजल्यावर दिसत नाही, बोलवा दामिनीला. सर्व्हरच्या खोलीची किल्ली तिच्याकडे, पण नोकरी मात्र डेटा एंट्रीची, तीही कंत्राटी. मालक म्हणाले, "सिस्टिम इंजिनिअरचं प्रमाणपत्र आणा, त्या पदावर कायम करतो." झालं, बाई पेटल्याच.

सासूने, सुलोचनाबाईंनी, चूल आपल्याकडे घेतली. नेटवर्क म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून त्यांचं काही अडतही नव्हतं. "तुले समजते ना? झालं त मंग," एवढं म्हणून त्या भाकरी थापायला बसायच्या.

परीक्षा नागपूरच्या केंद्रात. पडद्यावर एक बिघडलेलं नेटवर्क येणार आणि ते आपण सुरळीत करायचं. दामिनीचं वेळेच्या बरंच आधी उरकलं. तिने निवांत मान वळवली तर शेजारची मुलगी रडकुंडीला आलेली.

आता दामिनी धानाच्या बांधीत वाढलेली. रोवणीत जिची पात, म्हणजे वाट्याची ओळ, आधी संपते ती बाजूचीच्या पातीत शिरते आणि सगळ्या मिळून बांधावर येतात. नुसती कमरेवर हात ठेवून बघणारी बाई गावात बदनाम होते. दामिनीने विचारबिचार केलाच नाही. खुर्ची सरकवली, त्या मुलीच्या कीबोर्डवर टकटक केलं आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "घे, झालं!"

पर्यवेक्षक धावत आले. शाबासकी द्यायला आले असं दामिनीला वाटलं, इतकी ती भाबडी. त्यांनी दोघींनाही उठवलं. स्वतःचं गेलं त्यापेक्षा त्या मुलीचं गेलं, याने दामिनीच्या जिवाला जास्त लागलं.

घरी सुलोचनाबाईंनी चौकशी मांडली.

"चोरी केली काय?"

"नाही आई."

"कोणाले मारलं?"

"नाही. बाजूचीले मदत केली."

"अन् त्याच्यासाठी हाकललं? कोणत्या गावची रीत हाय हे!"

दामिनीचा नवरा निकेश पोट धरून हसला. मालक मात्र हसले नाहीत. पुढच्या खेपेला जमलं नाही तर बाहेरचा इंजिनिअर आणू, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं.

पुढच्या परीक्षेला निघताना सुलोचनाबाई बसच्या खिडकीपर्यंत आल्या. "आता बाजूची बेशुद्ध पडली तरी पाहू नोको!"

आणि नशीब असं की शेजारी पुन्हा तशीच एक आली. रंजू नावाची कोवळी पोर, कपाळाला हात लावून बसलेली. तिची चूक दामिनीला एका नजरेत दिसली. ओठांवर आलेलं तिने गिळलं आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून घड्याळाकडे बघत बसली. सगळ्या परीक्षेत तेवढंच तिला अवघड गेलं. स्वतःचीच लाज वाटत होती.

वेळ संपली, पडद्यावर निकाल आला. दामिनी पास, रंजू नापास.

बाहेर पायरीवर रंजू डोळे पुसत बसली होती. दामिनी तिच्याजवळ टेकली, पिशवीतून कागद काढला आणि ते नेटवर्क काढून दाखवू लागली.

"ताई, तुमाले आतच दिसलं होतं काय?"

"दिसलं होतं ना. सांगितलं असतं त दोघी घरी गेलो असतो. मागच्या खेपेले तेच केलं मी."

रंजू रडता रडता हसली. "मंग हे पुन्हा सांगा," म्हणाली. तेवढ्यात फोन वाजला.

"झाली काय पास?" सुलोचनाबाई.

"झाली, आई!"

पलीकडे सुलोचनाबाईंनी अख्ख्या आळीला हाका मारल्या. मग पुन्हा फोनवर आल्या. "बसमंदी बसली ना?"

"बस गेली. मी अजून इथंच हावो."

"काहून?" त्यांचा आवाज एकदम पडला. "पुन्हा कोणाले सांगितलं त नाही ना?"

"आत नाही सांगितलं. आता बाहेर सांगून राहिली."



"तिले नीट समजेपर्यंत उठू नोको," सुलोचनाबाई म्हणाल्या. "मागून येणाऱ्या बसनं ये. निकेश स्टँडवर राहील."