तेलरंगातला बोर्ड

धरमपेठेतला तो पेंटर ओळ संपली की ब्रश पँटला पुसायचा आणि लिहिलेल्याकडे असा बघायचा, जणू ते दुसऱ्याच कुणी लिहिलंय. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

सत्तरच्या दशकात आम्ही मित्रांनी एक मळणीयंत्र बनवलं होतं. त्याचे आराखडे फुकट; कोणीही बनवावं, हवा तो बदल करावा. ते चालवायचं कसं, हे कशावर लिहावं यावरून मात्र आमची भांडणं व्हायची. पुस्तिका शेतात फाटते, म्हणून मी पत्र्याचा बोर्ड रंगवून घ्यायला त्याच्याकडे गेलो.

त्याने मजकूर वाचला. "मशीन कोणी बदलू शकते का?"

"कोणीही!" मी ऐटीत म्हणालो.

"मंग तेलरंग काहून? काळी पाटी लावा, खडूनं लिहा."

"खडू पुसला जाईल."

"पुसला तर माणूस इचारते. पेंट पाहून कोणी इचारत नाही." ब्रश पुसत तो म्हणाला, "सावनेरकडच्या एका जिनिंग फॅक्टरीत मीच बोर्ड लिहिला होता. बंद कराचा खटका डावीकडे. मंग मोटर बदलली, खटके उलटे झाले. बोर्ड तसाच. बाकीचे कामगार अनपढ, ते मिस्त्रीले इचारत. वाचता येणारा माहा भाऊ एकटाच. लाइट गेली होती. त्यानं बोर्ड वाचून डावा खटका दाबला, अन् अडकलेला कापूस काढाले आत हात घातला. लाइट आली."

मी विचारलं, "तो बोर्ड काढला?"

"काहून काढतीन? तेरवीनंतर पाहाले गेलो होतो. नवाच दिसून राहिला होता."