पाटावरच्या चार डिस्क

माझ्या धंद्यात किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. ते फोनवरून घरपोच येतात, आणि प्रत्येक फोनची सुरुवात एकच: "साहेब, आम्ही काहीच केलं नाही, आपोआप बंद पडलं." मित्रमंडळी मला हे किस्से परत परत सांगायला लावतात आणि पोट धरून हसतात. हसा. मला मात्र सांगतानाही राग येतो. आता चाळिशी ओलांडली, बीपीची गोळी सुरू झाली, तरी येतो.

मी जळगावात सर्व्हर दुरुस्त करतो. डाळ मिल, पाइप कारखाने, दवाखाने, सगळीकडे जातो. पण आज सांगतोय ते सगळे किस्से एकाच गिऱ्हाइकाकडचे आहेत. केळीची टिश्यू कल्चर रोपं, म्हणजे झाडाच्या बारीक तुकड्यापासून बाटलीत वाढवलेली, बनवणारी एक लॅब. मालकांना सगळे नाना म्हणतात. त्यांचा भाचा हेमंत 'कॉम्प्युटरचं बघतो'. आणि नोंदी ठेवणाऱ्या विमलअक्का.

अक्कांचं काम आधी सांगतो, कारण माझ्या रागाचं कारण तेच आहे. लॅबमधल्या प्रत्येक रोपाची एक आई असते. कुठल्या शेतातल्या कुठल्या झाडापासून ते बनलं, त्या झाडाची तपासणी कधी झाली आणि तिची पिल्लं पुढे कोणाकोणाच्या शेतात गेली, हे अक्का नऊ वर्षं एकहाती कॉम्प्युटरात भरत होत्या. उद्या एका शेतात रोग निघाला तर बाकीची कोणती शेतं धोक्यात आहेत, हे फक्त त्या नोंदी सांगणार. आणि त्या नोंदी होत्या हेमंतच्या सर्व्हरवर!

*

पहिला फोन आला तेव्हा सहाच्या सहा मशीन एकदम बंद पडल्या होत्या. मशीन म्हणजे खऱ्या नव्हेत. एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात सहा आभासी कॉम्प्युटर बसवलेले असतात. बिलिंगचा एक, अक्कांच्या नोंदींचा एक, असे. जागा सगळ्यांची मिळून एकच.

बघितलं तर जागा होती दोन टीबी. हेमंतने सहाही जणांना एकेक टीबी वाटून टाकला होता. सिस्टिमने घेऊ दिलं म्हणे. अरे, घेऊ देणारच! ती फक्त कागदावर लिहून ठेवते, जागा वापरायला लागलात की संपते. दोनशे पानांचा स्वयंपाक करायचा आणि सहाशे पत्रिका वाटायच्या, असला हा कारभार. पहिली दोन वर्षं कोणी जेवायला आलं नाही म्हणून निभावलं.

नाना केबिनमधून म्हणाले, "पण साहेब, स्क्रीनवर तर सहा टीबी दिसतंय. बाकीचं चार कुठे गेलं ते शोधा."

मी अर्धा तास समजावलं. नानांनी मान डोलावली आणि हेमंतला हळूच विचारलं की ते चार टीबी वॉरंटीत मिळतील का.

*

दुसऱ्या वेळी सर्व्हर बंद नव्हता, नुसता रांगत होता. अक्का एक अक्षर टाइप करायच्या, उठून रोपांच्या बाटल्यांचा एक रॅक बघून यायच्या, तोवर अक्षर उमटलेलं असायचं. दोन महिने असं चाललं होतं आणि त्यांनी तक्रार केली नाही. त्यांना वाटलं आपलाच हात हळू झाला.

झालं होतं असं की हेमंत दर सोमवारी स्नॅपशॉट घ्यायचा. स्नॅपशॉट म्हणजे फोटो, फोटो म्हणजे आठवण, आठवण म्हणजे बॅकअप, असा त्याचा हिशेब. प्रत्यक्षात स्नॅपशॉट घेतला की त्यानंतरचे बदल वेगळ्या फायलीत साठायला लागतात. तो पुसून सगळं एकत्र करावं लागतं. याने एकही पुसला नव्हता. अक्कांचं एक अक्षर वाचायला मशीन चाळीस फायली उलटत होती.

मी सगळं एकत्र करायला लावलं आणि बजावलं, दोन दिवस लागतील, सर्व्हर बंद करायचा नाही. दारावर कागद चिकटवला. नानांनाही सांगितलं.

संध्याकाळी सहाला वॉचमनने रोजच्याप्रमाणे ऑफिसचा मेन स्विच पाडला आणि घरी गेला. यूपीएस होता, पण त्यावर नानांचा टीव्ही होता.

अक्कांच्या तीन आठवड्यांच्या नोंदी गेल्या. मी हेमंतला इतकं बोललो की बाहेर बाटल्या भरणाऱ्या बाया हात थांबवून बघायला लागल्या. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून अक्कांनी तीन आठवडे पुन्हा भरले, रोज दोन तास जास्त थांबून. नानांनी वॉचमनची पाठ थोपटली, कारण मागच्या महिन्याचं वीजबिल कमी आलं होतं.

*

मग मी हट्टच धरला. बॅकअप जळगावात ठेवायचा नाही, धुळ्याच्या शाखेत ठेवायचा. स्टोरेजचा एक डबा घेतला, धुळ्यात बसवला, रोज आपोआप कॉपी जाईल अशी सोय केली आणि जरा निवांत झालो. चूक माझी, निवांत झालो.

आठ महिन्यांनी तपासायला धुळ्याला गेलो. डबा सुरू, हिरवा दिवा लागलेला. उघडून बघतो तर बॅकअपच्या फायली शून्य! शाखेतल्या माणसाने सांगितलं, हेमंतदादांनी फोनवरून सांगितल्याप्रमाणे सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग त्याच डब्यात वळवलं होतं. एवढी जागा रिकामी पडून होती ना. आणि जागा भरली की कॅमेऱ्याची सिस्टिम जुन्या फायली स्वतःच उडवायची. तिने पहिल्या झटक्यात अक्कांच्या नऊ वर्षांची कॉपी उडवली होती, आणि नवी यायला जागाच ठेवली नव्हती.

माझ्याकडे आता आठ महिन्यांचा स्कूटर स्टँड होता. दिवसरात्र, चारही कोपऱ्यांतून.

मी तिथूनच नानांना फोन लावला आणि जे तोंडात आलं ते बोललो. नानांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरं झालं गेलात. माझ्या जागेवर रोज गाडी कोण लावतो तेवढं बघून या."

एवढं सगळं झाल्यावर हेमंतने मला खूश करायचं ठरवलं. धुळ्याचा डबा काढून जळगावला आणला, म्हणजे मला हेलपाटा नको. आणून सर्व्हरशेजारीच ठेवला. खोक्यात. पॅक.

*

आता दसऱ्याचं ऐका.

आपल्याकडे दसऱ्याला यंत्रांची पूजा होते. ट्रॅक्टर, मोटार, तराजू, सगळ्याला हळदकुंकू. माझं त्याला काही म्हणणं नाही, माझ्या टेस्टरलाही मी फूल वाहतो. पण नानांनी हेमंतला विचारलं की या सर्व्हरचा जीव नेमका कशात असतो. हेमंत म्हणाला, डिस्कमध्ये. मग पेटीची कशाला, जीवाची पूजा करू, असं ठरलं.

सर्व्हर चालू असताना हेमंतने चारही डिस्क एकेक करून ओढून काढल्या. पाटावर ओळीने मांडल्या. प्रत्येकीला हळद, कुंकू, अक्षता, झेंडू, आपट्याचं पान. आरती झाली. डिस्क परत बसवल्या, पण सर्व्हर काही उठला नाही. त्या चारांपैकी एक गेली तरी चालतं, अशी रचना मीच केली होती. चारही एकदम पूजेला बसतील हे माझ्या डोक्यात आलं नाही. शेजारी धुळ्याचा डबा खोक्यातच होता, खोक्यावर हार.

"पूजा केल्याने कधी बिघडतं का, साहेब?" नानांनी मलाच विचारलं.

मी म्हणालो, "ट्रॅक्टरची पूजा करताना इंजिन उतरवून पाटावर मांडता का, नाना?"

त्यांना राग आला. मला आधीच आलेला होता.

*

त्याच आठवड्यात मुक्ताईनगरकडचा एक शेतकरी पिशवीत पानं घेऊन आला. पानांवर पिवळे पट्टे. अक्कांनी बघितलं आणि पिशवी गाठ मारून बाजूला ठेवली. हा रोग मावा किडीवाटे शेजारच्या शेतात जातो. लवकर कळलं तर लागलेली रोपं उपटून जाळता येतात, उशीर झाला तर बागच जाते. त्याच आईची रोपं आणखी कोणाकडे गेलीत हे तातडीने कळायला हवं होतं, आणि ते त्या चार डिस्कमध्ये होतं.

कोणती डिस्क आधी निघाली हे कळल्याशिवाय जोडणी होत नव्हती, कारण तिच्यातली माहिती बाकीच्यांपेक्षा जुनी असते. हेमंतला आठवेना. शेवटी कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पूजेचा व्हिडिओ सापडला. मागे आरतीची तयारी, पुढे हेमंत डिस्क ओढतोय. उजवीकडून दुसरी! मी ब्रशने कुंकू झाडलं, उरलेल्या तिघींच्या आधी कॉप्या काढल्या आणि त्या कॉप्यांवर कामाला लागलो.

तीन दिवस गेले. अक्का रोज स्टूल घेऊन शेजारी बसायच्या. एरवी ऑफिसात त्या आपल्यासारखंच बोलतात, पण माहेर धुळ्याकडचं, घाबरल्या की अहिराणी येते. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "भाऊ, मन्हं नऊ वरीसनं काम शे त्यामा."

तिसऱ्या दिवशी दुपारी फाइल उघडली.

"बठ्ठं शे ना?"

"सगळं आहे, अक्का."

त्यांनी पदराने डोळे पुसले, त्या रोगट रोपांच्या आईचा नंबर टाकला आणि यादी काढली. बावीस शेतकरी. सावदा, रावेर, मुक्ताईनगर. यादी नानांना दाखवून त्या आपल्या टेबलाशी गेल्या.

पाच मिनिटांनी नानांनी मला केबिनमध्ये बोलावलं. हेमंतला चहाला पिटाळलं. दार लावलं. पहिल्यांदाच मला खुर्ची पुढे केली. म्हणाले, फार मोठं काम केलंत. मग म्हणाले, बावीस जणांना कळलं तर बाजारात नाव राहत नाही, पुढच्या हंगामाला रोपं कोण घेणार.



"दसऱ्याला झालं तसं," नाना आवाज उतरवून म्हणाले, "परत होऊ शकतं का? म्हणजे, चुकून."

सात वर्षं मी त्या केबिनमध्ये आवाज चढवल्याशिवाय एक वाक्य बोललो नव्हतो. कानशिलं तापली होती. काचेपलीकडे अक्का फोन कानाला लावून, यादीवर बोट ठेवून बसल्या होत्या. नानांची पाठ काचेकडे होती.

"होऊ शकतं, नाना," मी म्हणालो. "पण कसं ते तुम्हाला नीट समजलं पाहिजे."

मी त्यांच्या टेबलावरचा कागद पुढे ओढला, पेन काढलं आणि सर्व्हर म्हणजे काय इथपासून सावकाश सांगायला लागलो. अक्का तिसऱ्या नावावर होत्या.