टोपी घातलेला मासा

एका बाईंची माफी मागायची राहून गेली आहे. आता ती मागता येईल असं वाटत नाही, म्हणून निदान लिहून ठेवते.

जपानमधल्या मोठ्या भूकंपानंतरच्या वर्षी नवऱ्याची बदली टोकियोतल्या तोयोसूच्या ऑफिसात झाली आणि आम्ही जवळच्या इचिकावात राहायला आलो. पुण्यात मी पंधरा वर्षं शाळेत शिकवलं होतं. इथे एकदम रिकामी. कोणत्या वारी कोणता कचरा बाहेर ठेवायचा, एवढाच अभ्यास उरला. त्यामुळे जवळच्या समाजकेंद्रात परदेशी बायका मुलांना गोष्टी सांगतात हे कळल्यावर मी धावतच गेले. तिथे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं, की ही भारतातली, म्हणजे हत्तीची नाहीतर वाघाची गोष्ट सांगणार. झालं, माझं डोकं फिरलं. मी जाहीर करून टाकलं, की मी ग्लूस्कॅपची गोष्ट सांगणार.

"हा कोण? तुझ्या माहेरचा का?" नवऱ्याने विचारलं.

ग्लूस्कॅप हा अमेरिकेच्या ईशान्य टोकाला आणि कॅनडात राहणाऱ्या वाबानाकी लोकांचा वीर. माणसांना जगायला शिकवणारा. माझी बहीण तिकडे असते. तिच्याकडे गेले होते तेव्हा तिथल्याच एका वयस्क गृहस्थांच्या तोंडून मी ही गोष्ट ऐकली होती. एक अवाढव्य राक्षस नदी अडवून बसतो. खालच्या गावांना थेंबभर पाणी मिळत नाही. ग्लूस्कॅप येतो, राक्षसाला मुठीत धरून असा पिळतो की त्याचा साधा बेडूक होतो, आणि नदी सुटते. तहानेने कासावीस झालेले लोक पाण्यात उड्या टाकतात. कुणी मासा होतं, कुणी कासव, कुणी खेकडा.

गोष्ट सांगायची ती कामिशिबाईच्या पद्धतीने, म्हणजे लाकडी चौकटीत चित्रांचे पुठ्ठे लावायचे आणि एकेक सरकवत बोलायचं. मला साधी मांजरसुद्धा काढता येत नाही. केंद्राने एका साठीच्या बाईंशी गाठ घालून दिली. त्याही निवृत्त शिक्षिका, चित्रकलेच्या. भूकंपानंतर उत्तरेकडच्या आपल्या गावाहून मुलीकडे येऊन राहिल्या होत्या. एवढंच मला सांगण्यात आलं आणि पुढचं मी विचारलं नाही. जपानमध्ये कुणाला खासगी विचारू नये, हे मी नुकतंच शिकले होते आणि ते शिकल्याचा मला भारी अभिमान होता. पुण्यात असते तर पहिल्या चहाला मुलंबाळं, नवरा, घरदार सगळं विचारून मोकळी झाले असते.

दर मंगळवारी सकाळी आम्ही बसायचो. त्यांचं मोडकं इंग्रजी, माझं त्याहून मोडकं जपानी. मला त्या सेन्सेई, म्हणजे शिक्षिका, म्हणायच्या, मीही त्यांना सेन्सेईच म्हणायची आणि दोघी हसायचो. काम मात्र छान चाललं होतं. ग्लूस्कॅप त्यांनी इतका देखणा काढला, की मी म्हटलं, "याचं लग्न व्हायचंय का?" त्यावर त्यांनी तोंडावर हात धरला आणि खांदे हलेपर्यंत हसल्या.

शेवटच्या चित्राला त्यांनी तीन आठवडे लावले. निळंहिरवं पाणी, आणि त्यात नुकतीच माणसांची झालेली मासळी. चित्र बघता बघता मला एका कोपऱ्यात एक मासा दिसला. जाडसर, जरा बावळट चेहऱ्याचा, आणि डोक्यावर पांढरी टोपी. पुढे झापड असलेली, इथले कोळी घालतात तशी.

माझ्यातली मास्तरीण जागी झाली. "सेन्सेई, हे नको. त्या काळी असल्या टोप्या कुठे होत्या? आणि मुलं हसतील."

त्यांनी एकदा चित्राकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हो. बरोबर आहे तुमचं." ब्रश निळ्या रंगात बुडवून त्यांनी ती टोपी झाकली. एकदा झाकून भागलं नाही, पांढरा वर येत होता. रंग वाळू दिला आणि टोपी पुन्हा झाकली. मी समोर बसून चहा पीत होते.

ब्रश धुताना त्यांनी विचारलं, "हे लोक पुन्हा माणसं होतात का?"

"नाही," मी म्हटलं. "ते परत येत नाहीत." वर्गात उत्तर द्यावं तसं ताबडतोब म्हटलं.

"असं होय," त्या म्हणाल्या आणि वाकून निरोप घेऊन गेल्या.

कार्यक्रमाला त्या आल्या नाहीत. गोष्ट रंगली, टाळ्या पडल्या. मी केंद्रातल्या मुलीला म्हटलं, त्यांना कळवा, चित्रं सगळ्यांना आवडली. ती म्हणाली, त्या गावाकडे परत गेल्या. तिकडे सरकारने बांधलेल्या तात्पुरत्या घरात राहणार आहेत. त्यांच्या मुलीने खूप अडवलं, पण त्यांना समुद्राजवळच राहायचंय. त्यांचे यजमान कोळी होते ना. धक्के थांबल्यावर होडी बघून येतो म्हणून गेले आणि मागोमाग त्सुनामी आली, ते अजून सापडलेले नाहीत.

मी पत्ता मागितला. ती खाली मान घालून म्हणाली, तसा नियम नाही. मी दोनदा पत्र लिहून केंद्रात दिलं. पोचलं की नाही, माहीत नाही. उत्तर आलं नाही.

मला लाज वाटते ती टोपीची. पण त्याहून जास्त दुसऱ्याच गोष्टीची. बहिणीला फोन करून मी विचारलं, त्या गृहस्थांनी शेवट कसा केला होता? ती म्हणाली, लोक पाण्यात गेले आणि मासे झाले, इथेच तर त्यांनी थांबवली होती. परत येतात की नाही, याबद्दल ते काहीच बोलले नव्हते. बाईंनी विचारलं तेव्हा, मला माहीत नाही, एवढंच मी म्हणायला हवं होतं.