गोळ्या संपल्यावर डबा कुठं जातो?

कमलआत्या कुणाच्याही घरी गेली की पाण्याचा तांब्या हातात घ्यायच्या आधी स्वयंपाकघरात शिरायची आणि फळीवरचे डबे उघडून बघायची. घरच्या बाईला राग येईल, पाहुणे काय म्हणतील, असले विचार तिला शिवत नसत. बिस्किटांच्या गोल डब्यात सुई-दोरा आणि बटणं, चॉकलेटच्या चौकोनी डब्यात लवंग-वेलदोडे, मिठाईच्या डब्यात रेशन कार्ड, हे तिला बघायचं असायचं. बघून झालं की ओट्याला टेकून म्हणायची, "माणसं खोटं बोलतेत, फळी न्हाई बोलत." मग पाणी प्यायची.

ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. मांजरसुंब्याची पोर, लग्न होऊन पनवेलला गेली. परदेशातून आलेला माल बंदरातून सोडवून देणाऱ्या एका एजंटाच्या कचेरीत तिचा नवरा कामाला होता. तो अकाली गेला तेव्हा मुलगी रेखा लहान होती. माहेरच्यांनी परत चल म्हणून गळ घातली. ही नवऱ्याच्याच खुर्चीवर जाऊन बसली, परीक्षा दिली आणि पुढे स्वतःचं लायसन काढून कस्टम एजंट झाली. सगळं शिकली, फक्त भाषा बदलली नाही. मोठमोठ्या साहेबांपुढे उभी राहून म्हणायची, "साहेब, माल तुमचा न्हाई, माझा बी न्हाई. मग भांडायचं कावून? पुस्तक उघडा."

ते पुस्तक म्हणजे कराचं. देशात येणाऱ्या प्रत्येक वस्तूचा त्यात एक आकडा असतो, आणि कर किती, तपासणी कुठली, हे त्या आकड्यावर ठरतं. आत्याला त्याचं वेड होतं. जेवताना पापड हातात घेऊन तो कुठल्या आकड्यात बसेल याची चर्चा करणारी दुसरी बाई मी पाहिली नाही. आमच्या घरात तिचं हे वेड चेष्टेचा विषय होता आणि सगळ्यात जास्त चेष्टा मीच करायचो. एकदा मी तिला माझाच आकडा विचारला. "तू किरकोळ मालात," ती म्हणाली आणि पापड मोडला.

मी बीडच्या बाजारपेठेत गोळ्या-बिस्किटांचा ठोक व्यापार करतो. धंद्यात मी कच्चा नाही, हे आधीच सांगून टाकतो. चौसाळ्याकडचे बडे बागायतदार आणि राजकारणातलं वजनदार नाव असलेले नानासाहेब, यांच्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिकेबरोबर घरोघरी काहीतरी न्यारं जावं अशी त्यांची इच्छा होती. मी शब्द दिला की मलेशियाहून फळांच्या गोळ्या आणतो, मोराचं चित्र असलेल्या सुरेख पत्र्याच्या डब्यातून. आमच्याकडे लग्नात भांडं मिळालं नाही तर ते लग्न झालं असं कुणी मानत नाही. म्हणून मी डोकं लढवलं. डब्यांच्या बुडावर देवनागरीत शब्द उठवून घेतले. निम्म्यांवर 'चहा', निम्म्यांवर 'साखर'. म्हणजे लग्न झाल्यावर डबा घरच्या फळीवर कायमचा बसणार आणि नानासाहेबांची आठवण निघत राहणार. या कल्पनेवर मी इतका खूश होतो की आठवडाभर भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

माल बंदरात उतरायच्या आधी नमुन्याचे डबे आले. ते घेऊन मी पनवेलला आत्याच्या कचेरीत गेलो. तिला साखरेचा आजार होता, म्हणून गोळ्या तिने कचेरीतल्या माणसांना वाटून टाकल्या. मग सवयीने डबा उलटा केला. 'चहा'. दुसरा उलटा केला. 'साखर'. ती इतकी हसली की तिला पदराने डोळे पुसावे लागले.

"तू गोळ्या न्हाई आणल्या रे सुधाकर, तू डबे आणले. रिकामा डबा पाठवू न्हाई म्हून त्या लोकांनी आत गोळ्या भरल्या."

मला काही कळेना. तिने समजावून सांगितलं. गोळ्यांचं साधं वेष्टन, मग ते कागदी असो नाहीतर पत्र्याचं, गोळ्यांच्याच आकड्यात जातं. पण जे भांडं उघडउघड पुन्हापुन्हा वापरायचंच आहे, ते वेष्टन नव्हे. ती स्वतंत्र वस्तू. तिचा आकडा वेगळा, तपासणी वेगळी आणि त्यात जाणारा वेळही वेगळा. नेमका वेळच माझ्याकडे नव्हता. पत्रिका वाटायची वेळ तोंडावर आली होती, नानासाहेबांना मी शब्द दिला होता, आणि त्यांच्या घरचं काम फसलं तर जिल्ह्यातलं एकही मोठं घर मला पुन्हा दारात उभं करणार नव्हतं.

मी म्हणालो की डबा गोळ्यांसाठीच तर आहे, वेष्टन म्हणून लिहून टाक, बुडाकडे कोण बघतंय. आत्या हसायची थांबली.

"गोळ्या संपल्यावर डबा कुठं जातो?"

तिच्या प्रश्नाचं उत्तर मीच पैसे देऊन पत्र्यावर उठवून घेतलं होतं. तरी माझा ताठा गेला नाही. खालच्या मजल्यावरचा एजंट असल्या कागदावर डोळे झाकून सही करतो, मी त्याच्याकडे जातो, असं मी जरा मोठ्यानेच बोललो. आत्या चिडली नाही. "जा की," ती म्हणाली, "पन तिथं गेलास तरी बुडावर चहाच लिवलेलं हाय."

मी जिन्यापर्यंत गेलो आणि परत येऊन बसलो. गोळ्या एका ओळीत आणि डबे दुसऱ्या ओळीत, असा कागद तिने भरला. व्हायचं तेच झालं. डब्यांची वेगळी तपासणी निघाली आणि माल बंदरात अडकला. ती रोज कुणाला तरी फोन करत होती, उत्तरं देत होती, पण पत्रिकांच्या आधी डबे मिळणार नाहीत हे आता स्पष्ट होतं. नानासाहेबांना हे सांगायचं कुणी, असं मी आत्यालाच विचारलं. आत्या म्हणाली, मी सांगते, आणि एसटीत बसून निघाली. मांजरसुंब्याच्या चौकातून मी तिला गाडीत घेतलं आणि आम्ही चौसाळ्याच्या रस्त्याला लागलो.

नानासाहेब ओसरीवर चार कार्यकर्त्यांत बसले होते. आत्याने त्यांना नमस्कार केला आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. आतून झाकणांचे आवाज येत होते, नानासाहेबांच्या आईचं हसणं ऐकू येत होतं. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली.

"नानासाहेब, लगीन थांबत न्हाई, डबे थांबलेत. पत्रिकेसंगं गुळाचा खडा द्या, त्याला कुनी नाव ठिवत न्हाई. डबे मांडवपरतणीला वाटा. लेक पहिल्यांदा माघारी येती, गावातल्या बाया तिला बघाया येतेत. त्यास्नी रिकाम्या हातानं लावून द्यायचं न्हाई."

नानासाहेबांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "अन् तवर बी आले न्हाई तर?"

"तर माझं लायसन तुमच्या ओसरीवर आणून ठिवते."

मग आतून म्हातारीचा आवाज आला की बाई म्हणती ते रीतीला धरून हाय, आणि नानासाहेबांनी मान डोलावली. परतीच्या वाटेवर मी आत्याला विचारलं, एवढ्या खात्रीने कसं बोललीस. ती म्हणाली, "कागद खरा हाय. खऱ्या कागदाला उशीर होतो, अडचण होत न्हाई." आणि ढाब्यावर गाडी थांबवायला लावून तिने बिनसाखरेचा चहा प्यायला.

लग्न झालं. मांडवपरतणीच्या सकाळी ट्रक मांजरसुंब्यापर्यंत आल्याचा ड्रायव्हरचा फोन आला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी बायांनी गोळ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. प्रत्येकीने आधी डबा उलटा केला, आणि हवा तो डबा मिळावा म्हणून चहावालीने साखरवालीशी अदलाबदल केली. आजही त्या भागात कुणाच्याही घरी चहाला गेलो तर मोर दिसतो.

आत्या गेल्या उन्हाळ्यात गेली. आजार जुना होता, शेवटी मूत्रपिंडं थकली. तेराव्याचं जेवण झाल्यावर मी निघालो, तेव्हा रेखाने माझ्या हातात एक डबा ठेवला. नमुन्याचाच होता तो, 'चहा'चा. रोजच्या हाताळणीने मोराची मान पुसून गेली होती. रेखा म्हणाली, "दवाखान्यात जाताना आई सांगून गेली. सुधाकरचा डबा त्याला परत दे, आणि रिकामा देऊ नको." आत चहाची पूड होती, काठोकाठ.

ती पूड आम्ही पुरवून पुरवून वापरली, तरी परवा संपली. बायकोने डबा घासला, उन्हात वाळवला, ओट्यावर ठेवला आणि सवयीने विचारलं, "आता यात काय भरून पाठवायचं आत्यांना?" बोलली आणि तिथेच थांबली. तेराव्याला मला रडू आलं नव्हतं, ते तेव्हा आलं. डबा अजून ओट्यावरच आहे. तो फळीवर ठेवायला तिचा हात होत नाही, आणि माझाही.