कर्ण्याचं टोपडं

आमच्या पालीच्या आळीत क्रोशाचा रुमाल एकच होता आणि त्या एका रुमालावर निम्म्या तालुक्यातल्या मुली उजवल्या गेल्या. निम्म्या म्हणताना मी हात आखडता घेतेय, पण घरात मला आधीच थापाडी म्हणतात, म्हणून.

रुमाल मूळचा पोस्टमास्तरांच्या बायकोचा. चौकोनी, दुधासारखा पांढरा, मधोमध कमळ. नवऱ्याची बदली घाटावर झाली तेव्हा बाई तो शेजारच्या काकूंना आठवण म्हणून देऊन गेल्या. रुमाल राहिला, विद्या मात्र बाईंबरोबर घाट चढून गेली. मागे आळीत कुणाला त्यातला एक टाका येईल तर शपथ. पण सन तीस उलटलं होतं, मुंबईचं वारं लागलं होतं. मुलगी बघायला येणारी माणसं आता 'भाकरी थापता येते का' एवढ्यावर थांबत नसत. 'विणकाम, भरतकाम काही?' असंही विचारायची. मग पोह्यांच्या तबकावर तो रुमाल यायचा, मुलीची आई म्हणायची, "हा हिनंच केलाय हो," आणि मुलगी मान खाली घालायची. पाहुण्यांना वाटायचं, लाजली.

माझ्या हाताबद्दल आधीच सांगून टाकते. काकांच्या सदऱ्याला बटण लावायला दिलं, तर मी तो सदरा माझ्याच लुगड्याला शिवून ठेवला होता. उठले तेव्हा सदरा माझ्याबरोबर विहिरीपर्यंत आला. गोधडीला ठिगळ लावलं तर ठिगळानं आणि गोधडीनं पुढं जन्मभर एकमेकांशी अबोला धरला. अशा मला बघायला मांडवीची मंडळी आली.

त्यांची कलमांची बाग होती, हापूसच्या पेट्या बोटीनं मुंबईला जात, आणि मुलगा मुंबईतच नोकरीला होता. एकाच दिवसात आमच्या आळीतल्या तीन मुली बघायच्या, असा त्यांचा बेत होता. माझं घर तिसरं. पाहुणे पुढच्या दारानं निघाले की रुमाल मागच्या परसातून, केळीखालून, कुंपण ओलांडून पुढच्या घरी पोचायचा. तो आमच्याकडे आला तेव्हा मलाच धाप लागली होती, कारण आणायला मीच गेले होते.

त्याच धापेत मी तबक घेऊन बाहेर आले आणि उंबऱ्याला अडखळले. रुमाल तबकावर राहिला. पोहे उडाले ते सरळ मुलाशेजारी उलट्या ठेवलेल्या काळ्या टोपीत. कुणी पाहिलं नाही. त्याचे वडील आंब्याच्या मोहराबद्दल सांगत होते आणि ते बोलू लागले म्हणजे, हे मला पुढं कळलं, छप्पर उडालं तरी कुणी वर बघत नसे. मुलानं टोपीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि टोपी उचलून शांतपणे डोक्यावर घातली. पोह्यांसकट. मग सगळा कार्यक्रम होईस्तोवर त्याच्या कानामागून ओलं खोबरं गळत होतं आणि तो वडिलांना मान डोलवत होता.

मी तिथंच ठरवलं, करीन तर यालाच.

त्याची आई बारीक, गोरी, कमी बोलणारी. तिनं रुमाल हातात घेतला, उलटा केला, कोपऱ्यावर अंगठा फिरवला. म्हणाली, "छान आहे. आमच्या ह्यानं मुंबईहून ग्रामोफोन आणलाय. मांडवीच्या खाऱ्या वाऱ्यानं त्याच्या पितळी कर्ण्याला हिरवं चढतं. त्याला एक टोपडं विणशील?"

"विणीन की," मी म्हणाले. ग्रामोफोन मी जन्मात पाहिला नव्हता. जाळीच्या टोपड्यानं खारा वारा कसा अडणार, हे विचारायचंही सुचलं नाही.

"मग साखरपुड्याला येऊ तेव्हा आधी टोपडं बघू," ती म्हणाली, "आणि मग पुडा फोडू."

मंडळी गेल्यावर आई माझ्याकडे वळली. "हो कशाला म्हणालीस गो?"

"तू रुमाल माझा म्हणालीस म्हणून."

तिनं मला विळीवर बसवून नारळ खवायला लावला.

कामाला लागायचं तर आधी सुई हवी. बाबांच्या मोडक्या छत्रीची काडी घेतली आणि पायरीच्या चिऱ्यावर घासघासून टोकाला आकडा काढला. पहिला आकडा असा झाला की त्यानं मोरीसारखा दांडगा मासा सहज ओढून काढला असता. दुसरा जरा माणसात आला. दोरा बाजारातून आणला. सुई झाली, दोरा झाला, राहिलं फक्त विणायचं कसं ते. शिकवायला कोणी नाही. मग मी विचार केला, टाका कसा घातलाय हे कळायला हवं असेल तर तो कसा सुटतो ते बघावं.

काकूंकडून रुमाल मागून आणला. कोपऱ्याची गाठ सोडली, जरासा दोरा ओढला. एक उभा टाका, म्हणजे खांब, सुटला, मी नीट बघून घेतला. दुसरा सुटला, तोही पाहिला. तिसऱ्यापासून रुमालाला वेग आला. क्रोशाचं असं आहे की विणायला जन्म लागतो आणि उसवायला खोकला पुरतो. मी शुद्धीवर आले तेव्हा एक अख्खा कोपरा माझ्या मांडीवर शेवयांसारखा पडला होता, आणि दारात काकू उभ्या होत्या.

"अगो, हे काय केलंस?"

"शिकतेय."

"माझी धाकटी अजून उजवायची आहे. तिचं लग्न उसवलंस तू."

तो कोपरा मी परत घातला. साखळी, खांब, साखळी, खांब, सगळं उलट्या बाजूनं शिकल्यामुळे थोडं उलटंच. शेवटी कोपरा भरला खरा, पण मांजराच्या कानासारखा ताठ उभा राहिला. वरून तांब्या ठेवला तरी बसेना. काकूंनी तो कान बघितला आणि आमच्याकडे विरजण मागायला येणं सोडलं.

आता कर्ण्याचं माप. शिमग्याला माझे काका मुंबईहून आले होते, त्यांनी म्हणे ग्रामोफोन अगदी जवळून ऐकला होता.

"धोतऱ्याचं फूल बघितलंस ना? तस्सं. देठाशी निमुळतं, तोंडाशी पसरट."

"केवढं?"

काकांनी हात पसरले. मुंबईहून आलेल्या कोकणी माणसाच्या हातात मुंबईची कुठलीच वस्तू मावत नाही. काकांचे हात एकीकडे खांबाला टेकले, दुसरीकडे झोपाळ्याच्या कडीला. मी ते माप मनात धरलं आणि तोकडं पडायला नको म्हणून वर थोडं आणखी घेतलं. माझा स्वभावच तसा.

देठापासून सुरुवात केली. प्रत्येक फेरीत खांब वाढवत गेले आणि कुठं थांबायचं हे रुमालानं शिकवलंच नव्हतं. टोपडं माझ्या मांडीवरून चटईवर उतरलं, चटईवरून ओटीवर. त्याला कडेनं चुण्या पडल्या, चुण्यांना चुण्या पडल्या. आमचा कोंबडा एकदा आत शिरला तो जेवणवेळेपर्यंत बाहेर यायची वाट शोधत होता. शेवटी ताठ बसावं म्हणून पेजेची खळ दिली आणि कोंबड्या झाकायच्या डालग्यावर पालथं घालून वाळवलं. डालग्याला अगदी बेतशीर बसलं. आई आदल्या दिवसापासूनच देवापाशी बसून होती.

साखरपुड्याला मांडवीची मंडळी मोटारीनं आली आणि मुलाच्या मांडीवर ग्रामोफोन होता. म्हणजे गाणी होणार, आणि म्हणजे टोपडं तिथल्या तिथं घालून बघणार. पेटी ओटीवर ठेवली, कर्णा जोडला. मी दाराच्या फटीतून पाहिलं. कर्णा पपईएवढा होता. नीट पोसलेली पपईसुद्धा नव्हे.

आईनं टोपडं दोन्ही हातांनी बाहेर नेलं. मुलानं ते गंभीरपणे घेतलं, उलगडलं, पुन्हा उलगडलं, आणि कर्ण्यावर घातलं. कर्णा दिसेनासा झाला. मग पेटी दिसेनाशी झाली. चुण्या ओटीवरून ओघळून बाबांच्या पायापर्यंत आल्या. पुड्याचं तबक तिथंच होतं, कुणी त्याला हात लावला नाही. आई म्हणाली, "अजून पुरं व्हायचंय ते." बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं की बाई, आणखी किती.

तेवढ्यात मुलाचे वडील पुढं झाले. त्यांनी टोपडं उचललं, तोंडाकडची कड दोन्ही हातांनी धरून वर केली, तशी देठाकडची जाळी पिशवीसारखी खाली लोंबली. त्यांचा चेहरा खुलला.

"झेला बाकी झकास झालाय," ते म्हणाले. "आमच्या बागेचा विचार करून केला म्हणायचा पोरीनं."

आंबे उतरवताना बांबूच्या टोकाला जाळीची पिशवी लावतात, फळ तिच्यात अलगद पडावं म्हणून. तो झेला. मी दाराआड भिंतीला टेकले.

त्यांची बायको मात्र हसली नाही. ती उठून सरळ आत, चुलीपाशी माझ्याजवळ आली.

"खरं सांग. हे कुणी विणलं?"

"मी."

"कुणाकडून आणलेलं नाही?"

"असलं कोण देईल?" मी म्हणाले.

"तेच म्हणते मी." तिनं पदराला हात पुसले. "त्या दिवशी पहिल्या घरी रुमालाच्या कोपऱ्यावर माझ्या हातून चहा सांडला. तुमच्या घरी तो रुमाल पुढं आला तेव्हा डाग ओला होता."

मी चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

"म्हणून टोपडं मागितलं. साऱ्या पालीत कर्ण्याचं टोपडं उसनं मिळायचं नाही. आणि हे बघून कुणी म्हणणार नाही की दुसऱ्याचं आहे."

"बाकीच्या दोघींकडे नाही मागितलंत?"

"तिथं ह्याच्या टोपीत काही पडलं नव्हतं. तुमचे पोहे ह्यानं मांडवीपर्यंत नेले. टोपी उतरवेना." ती दाराशी थांबली आणि बाहेरच्यांना म्हणाली, "पुडा फोडा आता. मोटार थांबायची नाही."

त्या टोपड्यानं सासऱ्यांनी त्याच वर्षी आंबे उतरवले. पहिलाच हापूस जाळीत पडला, जाळी ताणत ताणत खाली आली आणि आंबा जमिनीला टेकूनच थांबला. पण फुटला नाही. सासरे सगळ्यांना सांगत फिरायचे की सून फळाला हातानं खाली आणून ठेवते.

काही वर्षांनी धाकट्या दिरासाठी मुलगी बघायला आम्ही पालीला आलो. घर काकूंचं, मुलगी त्यांची धाकटी. तबक आलं. तबकावर रुमाल. एक कोपरा मांजराच्या कानासारखा उभा. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पोह्यात तोंड खुपसलं.

सासूबाईंनी त्या कानावर अंगठा फिरवला. "हा कोपरा कुणी केला गो?"

"हिनंच हो सगळा," काकू म्हणाल्या.

मुलीनं मान खाली घातली.

"आमच्या सुनेचा हात अगदी असाच आहे," सासूबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. मोठ्या सुनेनं काही विचारायचं असेल तर आता, असा तो डोळा होता.

मी पदर सावरला. "आम्ही हल्ली बाजाची पेटी घेतलीय. तिला टोपडं विणशील?"

मुलीनं मान वर केली. "विणीन," ती म्हणाली. "पण मापाचं, की तुमच्यासारखं?"

सासूबाईंनी रुमालाची नीट घडी घातली, कान आत दुमडला, आणि साखर मागितली.